बाजूला होण्याची ऐपत

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमेच्या दोन काठांवर वसले आहेत. पिंपरी-चिंचवडमधून वाहत आलेली पवना मुळेत मिसळते, पुण्यात मुळा मुठेला मिळते आणि ही मुळा-मुठा शिरूरचे रांजणगाव सांडस व दौंडचे वाळकी यांच्या शिवेवर भीमेत येते. त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेली असते. दोन महानगरांनी धुतले, वापरले आणि सोडून दिले ते सारे पाणी या संगमाशी गोळा होते. पुढे ते पारगाव, दौंड शहर असे वाहत खानोटा-राजेगावपाशी उजनीच्या फुगवट्यात जाऊन थांबते. दोन्ही तालुक्यांच्या अंगावरून दोन मोठे रस्ते जातात, शिरूरमधून नगर रस्ता आणि दौंडमधून सोलापूर रस्ता. एकाच्या कडेला सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्याच्या वरच्या अंगाला कुरकुंभची रासायनिक वसाहत. उरलेल्या बागायती भागात ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे.

या भूगोलात वाढणाऱ्या मुलांचे आरोग्य आणि शिक्षण हा पुढील पानांचा विषय आहे. प्रदूषणावरचे बरेचसे लेखन नदीविषयी, हवेविषयी, फार तर पिकांविषयी असते. मूल त्यात येते ते छायाचित्रापुरते. विषमतेवरचे लेखन जमीन, जात, मजुरी यांच्याविषयी असते आणि त्यात पाणी व धूर येत नाहीत. मुलाच्या आयुष्यात मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या येत नाहीत. घाण पाणी आणि धूर गावावर सारखेच येतात. पण त्यांच्यापासून बाजूला होण्याची ऐपत प्रत्येक घराची सारखी नसते. कोणाला जारचे पाणी परवडते, कोणाला खासगी बालरोगतज्ज्ञ, कोणाला दुसऱ्या गावच्या शाळेची बस, आणि कोणाला यातले काहीच नाही. ज्या मुलाला बाजूला होता येत नाही, ते आपली किंमत शाळेच्या दिवसांत आणि शरीराच्या वाढीत मोजते. या प्रस्तावनेला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच.

आधी पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील नद्यांच्या ३११ प्रदूषित पट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतले ५५ पट्टे महाराष्ट्रातले होते, इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, आणि पुण्याच्या नद्या व भीमा त्या यादीत आहेत. पुण्याचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून अकरा शुद्धीकरण केंद्रे उभारायचे ठरले, त्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्या महिन्यात पहिलीच्या वर्गात असलेली मुले २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली, तेव्हाही सगळी केंद्रे चालू झालेली नव्हती. महापालिकेच्या हिशेबात तो एक लांबलेला प्रकल्प होता. नदीकाठच्या मुलांचे मात्र त्यात अख्खे शालेय आयुष्य गेले.

उन्हाळ्यात या काठाने गेले की पाणी दिसतच नाही, हिरवी जलपर्णी दिसते. तिच्याखाली साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि संध्याकाळी ते वस्त्यांवर येतात. पात्राजवळच्या विहिरी नदीच्याच पाण्याने भरतात, म्हणून नदीचे पाणी पीत नाही असे म्हणणारे गावही अप्रत्यक्षपणे तेच पीत असते. या पाण्यावर ऊस चांगला येतो, कारण सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते. त्यावर पुन्हा रासायनिक खतांचा मारा होतो, पाटपाणी सतत दिले जाते, जमीन चोपण होते आणि जास्तीचे नायट्रेट झिरपत भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती ठरवताना विचार आहे तो मुख्यतः तान्ह्या बाळांचा. वरच्या दुधात असे पाणी मिसळले गेले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि त्याचे ओठ-नखे निळसर पडतात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पाणी उकळून प्या, हा आरोग्य खात्याचा जंतूंसाठी अगदी योग्य असलेला सल्ला इथे उपयोगी पडत नाही.

नदीपासून दूर गेल्यावर प्रश्न बदलतो. दौंडचा दक्षिणेकडचा भाग जिरायती आहे आणि कुरकुंभची वसाहत त्याच माळावर आली. ज्या भागात कालवा नाही तिथे विहीर आणि बोअर हाच आधार असतो. तो बिघडला तर दुसरा पर्याय राहत नाही. कुरकुंभ, पांढरेवाडी या गावांमधून रासायनिक सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका रसायन कारखान्याला रात्री आग लागली, तेव्हा लोक मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडले. शिरूरकडे रांजणगाव वसाहतीत औद्योगिक घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे आणि निमगाव भोगीसारख्या शेजारच्या गावांनी आपल्या विहिरींच्या पाण्याविषयी वारंवार आवाज उठवला आहे. इथला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी वाळूतून झिरपावे तसे एकसारखे पसरत नाही, ते फटींमधून वाट काढते. म्हणून एका शेतकऱ्याची बोअर स्वच्छ आणि बांधाशेजारच्याची फेसाळ असे घडते. मग पाहणीला आलेला अधिकारी कोणत्या बोअरचा नमुना घेतो यावर अहवाल ठरतो आणि गावातच दोन तट पडतात.

यावर गावांनी स्वतःच काढलेला उपाय म्हणजे वीस लिटरचा जार. ग्रामपंचायतीचे पाण्याचे एटीएम किंवा खासगी आरओ प्लांट आता बहुतेक मोठ्या गावांत आहे. ही सोय खरी आहे आणि तिने अनेक मुलांची पोटे वाचवली आहेत. मात्र जार विकत घेता येणे ही एक रेषा झाली. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरता रोज एक जार लागतो. रांजणगाव वसाहतीजवळच्या कारेगावच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगार महिनाअखेरीस जार बंद करतो. वीटभट्टीवरचे, कोळशाच्या भट्टीवरचे कुटुंब एटीएमच्या कार्डापासूनच दूर असते, कारण ते गावाच्या यादीतच नसते. पाण्याचे खासगीकरण कोणत्याही सरकारी ठरावाशिवाय, गुपचूप, असे होऊन गेले. ज्यांचा आवाज ग्रामसभेत चालतो त्यांच्या घरी जार आला, आणि नळाच्या पाण्याविषयी ग्रामसभेत बोलण्याची निकड संपली.

आता हवा. दौंड तालुक्यात केडगाव, खुटबाव, पारगाव, नानगाव या पट्ट्यात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. गुऱ्हाळाचे जुने शास्त्र स्वयंपूर्ण होते. उसाचा रस काहिलीत, वाळलेले चिपाड चुलवणात, राख शेतात. गुऱ्हाळे बारमाही झाली, अनेक ठिकाणी बाहेरच्या ठेकेदारांनी ती चालवायला घेतली, आणि पावसात चिपाड वाळेना. मग चुलवणात टाकाऊ प्लास्टिक, रबर, टायर, जुन्या चपला-बूट जाऊ लागले. त्यावर बातम्या आल्या, कारवाया झाल्या, काही गुऱ्हाळे बंद झाली, पुन्हा सुरू झाली. क्लोरिन असलेले प्लास्टिक असे अपुऱ्या तापमानात जळले की डायॉक्सिनसारखी, शरीरात साठून राहणारी विषारी द्रव्ये तयार होतात. त्यात गुऱ्हाळाचे धुराडे ठेंगणे. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वरची त्यामानाने उबदार, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीच्या उंचीवर पसरून राहतो. शाळेत चालत जाणाऱ्या मुलांची वाट नेमकी त्याच वेळी त्या धुरातून जाते. यात साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या धुराड्यातून अंगणात पडणारी काळी राख, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि नगर रस्त्यावरच्या अखंड वाहतुकीची धूळ मिळवायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारतीय मानक ४० आहे. यांतील कोणत्याही आकड्याशी तुलना करायची तर आधी मोजमाप हवे. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. पुणे त्यात आहे, शिरूर आणि दौंड नाहीत. शहराच्या हवेला निधी आणि उद्दिष्ट मिळाले. ज्या खेड्यांकडे शहराने कारखाने आणि सांडपाणी ढकलले, त्यांची हवा ग्रामीण आणि म्हणून शुद्ध मानली गेली.

मुलाचे शरीर म्हणजे लहान मापाचे मोठे माणूस नव्हे. शरीराच्या वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेते आणि जास्त पाणी पिते, जमिनीच्या जवळ खेळते, हात तोंडात घालते. त्याची फुप्फुसे आणि मेंदू अजून घडत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील मुलांच्या दर चार मृत्यूंमागे एकाहून अधिक मृत्यूंचा संबंध दूषित परिसराशी असतो. पण मृत्यू हे या विषयाचे फक्त टोक आहे. त्याखालचा मोठा भाग दिसत नाही. वारंवार जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्याचे अस्तर खराब होते, खाल्लेले अंगी लागत नाही, उंची खुंटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ नंतर फारशी भरून येत नाही आणि तिचा परिणाम शिकण्याच्या क्षमतेवरही राहतो. म्हणजे पोषण आहारातली खिचडी वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तरी ती पोटात टिकण्यासाठी पाणी चांगले लागते. या दोन गोष्टींची खाती मात्र वेगळी आहेत.

शाळेत हे नुकसान वेगळ्या नावांनी नोंदले जाते. ‘आजारी’, ‘गैरहजर’, ‘गावी गेला’, ‘लक्ष देत नाही’, ‘अप्रगत’. रात्रभर खोकलेले मूल दुसऱ्या तासाला पेंगते आणि शिक्षकाला ते आळशी वाटते. दम्याचे मूल खेळाच्या तासाला भिंतीशी बसते. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसले तर सातवी-आठवीच्या मुली पाळीच्या दिवसांत येत नाहीत, महिन्यातून तीन-चार दिवस या हिशेबाने वर्षाचा महिनाभर जातो. धाकटे भावंड तापाने पडले, आई कामावर गेली, तर घरी राहते ती थोरली बहीण. तिच्या नावापुढची गैरहजेरी ही वास्तविक दुसऱ्याच्या आजाराची नोंद असते. खासगी शिकवणी लावता येणारे घर बुडालेला अभ्यास भरून काढते. बाकीच्यांची दरी सहामाहीपासून वार्षिकपर्यंत रुंदावत जाते.

या सगळ्याच्या तळाशी एक वर्ग असा आहे की त्याची गैरहजेरीसुद्धा इथे लागत नाही. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झाले की बीड, नगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. मुले कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. कोपीच्या जागेला नळ, शौचालय, वीज यांपैकी काही मिळेलच असे नाही. पिण्याचे पाणी म्हणजे जवळची विहीर किंवा पाट. पाचट पेटते तेव्हा ही मुले शेताच्या कडेला असतात. उसाचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच महिन्यांत येतात, त्यामुळे नाव एका जिल्ह्यातल्या हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात अशी स्थिती होते. यासाठी साखरशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर भर नियमित शाळेतल्या प्रवेशाकडे आणि मूळ गावच्या हंगामी वसतिगृहांकडे वळला. स्थलांतरित मुलासोबत जाणारे शिक्षण हमी पत्रकही आले. योजना कागदावर वाईट नाहीत. पण फडाशेजारच्या गावाला ही मुले आपली वाटत नाहीत, मूळ गावाला ती दिसत नाहीत, आणि धूर-पाण्याचा सर्वांत जास्त मारा ज्यांच्यावर होतो ती कोणत्याच पाहणीत धड मोजली जात नाहीत.

उसाने आणखी एक भीती आणली आहे. गावालगत वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याची पैदास होते. शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला, त्यांतली दोन मुले होती. हे प्रदूषण नव्हे. तरीही एकाच पिकाने सगळा परिसर व्यापल्यावर वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांसाठी शाळेची वाट बदलते, हे ध्यानात घ्यायला हवे. ज्याला वडील गाडीवरून सोडतात त्याची शाळा चालू राहते.

मुलांवर निसर्गाचे संकट आणि समाजाची विषमता एकदम कोसळणे या मातीला नवे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुलींना आणले. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून त्यांना घेऊन त्या दौंड तालुक्यातल्या केडगावला आल्या. तिथल्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, मळा लागला आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंचे काम आज वाचताना एक गोष्ट जाणवते. अन्न, पाणी, औषध, अक्षर आणि हाताचे काम यांची त्यांनी वेगवेगळी खाती केली नाहीत. उपाशी मुलीला आधी शाळेत बसवा की आधी जेवू घाला, असा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आज जिथे गुऱ्हाळांचा धूर सर्वांत दाट आहे, त्याच पट्ट्यात हे घडले होते.

एक बाजू सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक ठरणार नाही. कालवा, ऊस आणि कारखाने यांनी या तालुक्यांतली गरिबी हटवली नसली तरी हलवली आहे. रांजणगाव-कुरकुंभच्या पगारांवर घरे बांधली गेली, मुली महाविद्यालयात गेल्या. साखरेच्या पैशातून शिक्षणसंस्था निघाल्या. ज्या मुलाच्या छातीत धूर जातो, त्याची फी पुष्कळदा त्याच धुराड्याखाली काम करणाऱ्या बापाच्या पगारातून भरली जाते. म्हणून ‘कारखाना हटवा’ ही घोषणा गावात एकमताने दिली जात नाही, आणि देणाऱ्याला शेजारीच गप्प करतो. मागणी कारखाना हटवण्याची नसून खर्च उघड करण्याची आहे. साखरेच्या पोत्याच्या किमतीत ऊस, वाहतूक, व्याज हे सगळे धरले जाते. मुलांच्या आजारपणाचा खर्च त्यात धरला जात नाही, तो आईच्या बुडालेल्या रोजात आणि मेडिकल दुकानाच्या उधारीत पडतो.

शिरूर तालुका उलट दिशेची उदाहरणेही देतो. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा मोजक्या पटाच्या दोन शिक्षकी शाळेपासून देशभरातून पाहुणे येतील अशा शाळेपर्यंत पोहोचली. गावाने जमीन दिली, वर्गणी दिली, शिक्षकांनी दिवस दिले. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या कामातून शिक्षणाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी आणि शेतीबरोबर ‘ऊर्जा-पर्यावरण’ व ‘गृह-आरोग्य’ हे विभाग आहेत. म्हणजे मुलांनी आपल्या गावाचे पाणी स्वतः तपासावे, ही कल्पना कुठून आयात करायची गरज नाही. मात्र वाबळेवाडीसारखे यश अपवाद म्हणून मिरवणे आणि नियम म्हणून मागणे यांत फरक आहे. चांगली शाळा एका वाडीच्या कर्तबगारीवर सोडली, की शेजारच्या कोपीतल्या मुलासाठी ती दुसऱ्या देशाइतकीच लांब राहते.

पुढील लेखन वाचताना एक सावधगिरी हवी. अमुक मुलाचा खोकला अमुक धुराड्यामुळे, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर लिहून देणार नाही. घरातली चूल, कुपोषण, संसर्ग, ऋतू अशी अनेक कारणे एकाच छातीत भेटतात. प्रदूषण करणारा याच अनिश्चिततेमागे उभा राहतो आणि म्हणतो, पुरावा द्या. पुरावा एका मुलात सापडत नाही, तो गावाच्या नोंदींत सापडतो. आणि त्या नोंदी आहेत. शाळेकडे रोजचा हजेरीपट आहे. अंगणवाडीकडे दर महिन्याचे वजन-उंची आहे. आरोग्य उपकेंद्राकडे जुलाब-तापाचे रुग्ण आहेत, २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडे शाळा-अंगणवाडीतल्या तपासण्या आहेत. ग्रामपंचायतीकडे पाणी-नमुन्यांचे निकाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सांडपाण्याचे. यांतली एकही वही दुसरीशेजारी ठेवून कोणी वाचत नाही. शिक्षण, महिला-बालविकास, आरोग्य, पाणीपुरवठा आणि पर्यावरण अशा पाच खात्यांमध्ये एक मूल वाटले गेले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मुलांचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. जिनिव्हात मान्य झालेला हक्क शिरूरमधल्या न्हावऱ्याच्या किंवा दौंडमधल्या कुरकुंभच्या चावडीपर्यंत आणायचा तर त्याला गावातल्या कामाचे रूप द्यावे लागेल. ते काम अवघड नाही. दर तीन महिन्यांनी शाळेच्या पाण्याचा रासायनिक आणि जैविक अहवाल शाळेच्याच फलकावर लावावा. हजेरीपटावर ‘आजारी’ या एका शब्दाऐवजी खोकला, जुलाब, ताप, घरकाम असे कारण लिहावे. गाळपाच्या हंगामात आणि हंगामाबाहेर ही कारणे किती बदलतात ते शाळा व्यवस्थापन समितीने मांडावे. फडातल्या, भट्टीवरच्या मुलांची नावे त्याच पटावर असावीत, आणि वर्षातून एकदा हे सगळे कागद एका ग्रामसभेत, पाचही खात्यांची माणसे समोर बसवून, मोठ्याने वाचले जावेत. त्या दिवशी कारखान्याचा व्यवस्थापक, गुऱ्हाळमालक, जारचा विक्रेता आणि ऊसतोडीचा मुकादम हेही सभेत असले पाहिजेत, कारण त्या आकड्यांत त्यांचाही हिशेब आहे. ही पाने त्या सभेची तयारी म्हणून वाचली जावीत.